किट बनवायचं खरं, पण ट्यूबमध्ये जंतू येणार कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जळगावात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहात. पावसाळा सरता सरता रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि वर सातपुड्यात तापाचे रुग्ण वाढतात, त्यांचं निदान लवकर व्हावं म्हणून स्क्रब टायफस, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूचा आजार) या तिन्हींसाठी मिळून एकच पीसीआर किट (जंतूच्या डीएनएचा तुकडा सायकलमागून सायकल वाढवून तो ओळखणारं) प्रकल्प म्हणून करायचं आहे. सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकावर प्रायमर (जिथून पीसीआर सुरू होते ते डीएनएचे आखूड तुकडे) बेतून झालेत, संगणकावर ते निर्दोष दिसतात. आता पुढे काय, खर्च कशावर होतो, आणि एकाच तापमानावर डीएनए वाढवणारी लॅम्प पद्धत घेतली तर धडगाव-अक्कलकुव्यात चालेल का?

मी धुळ्याचा. नोकरीची बहुतेक वर्षं अशाच चाचण्या बनवण्यात आणि त्याहून जास्त वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या चाचण्या का चालत नाहीत ते शोधण्यात गेली. म्हणून स्पष्ट सांगतो. प्रायमर सध्या बाजूला ठेवा. प्रायमर बेतणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी ठरवायचं असतं ते हे, की रुग्णाच्या अंगातून नेमकं काय काढायचं, आजाराच्या कितव्या दिवशी, आणि त्यात जंतू असतो किती. याचं उत्तर तिन्ही आजारांत वेगवेगळं आहे. म्हणून तिघांना एका ट्यूबमध्ये बसवायचा विचार सोडून द्या.

बघा कसं. स्क्रब टायफसचा जंतू, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, पेशीच्या आत राहतो. रक्त सेंट्रिफ्यूज करून सीरम घेतलं आणि खालचा भाग टाकून दिला की जंतू बहुतेक टाकून दिला. पांढऱ्या पेशींचा मधला पातळ थर घ्यावा लागतो. त्याहून चांगला नमुना म्हणजे माइटची (कोळ्याच्या जातीच्या बारीक किड्याची) अळी जिथे चावते तिथली काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला नाडी बसते त्या रेषेवर, अशा आडबाजूच्या जागी ती असते आणि सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाही. चिमट्याने ती खपली उचलली की तिच्यात रक्तापेक्षा कितीतरी जास्त डीएनए मिळतो, आणि डॉक्सीसायक्लीन सुरू झाल्यावरही काही दिवस मिळत राहतो. म्हणजे इथे किटपेक्षा रुग्णाचे कपडे बाजूला करून नीट बघणारी सिस्टर जास्त महत्त्वाची.

लेप्टोस्पायराचं वेगळं. पहिल्या आठवड्यात तो रक्तात, नंतर रक्तातून नाहीसा होऊन लघवीत. लघवी आम्लधर्मी असते, डीएनए त्यात तुटत जातो. सकाळी चोपड्याला घेतलेली लघवी दुपारच्या एसटीने जळगावला आली तर यंत्र निगेटिव्ह सांगणार, आणि त्यात यंत्राची चूक नाही.

आता तिघांतला एक निवडायचा तर कुठला? माझा निकष साधा आहे. चाचणीचा निकाल आल्यावर डॉक्टरच्या हातून औषध बदलतं का? स्क्रब टायफस आणि लेप्टो, दोन्हींना डॉक्सीसायक्लीन चालतं. शंका आली की अनुभवी डॉक्टर निकालाची वाट न बघता ते सुरू करतो, आणि बरोबरच करतो. मेलिऑइडोसिसचं तसं नाही. त्याला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा-चौदा दिवस, मग को-ट्रायमॉक्सॅझोल निदान तीन महिने. आपल्याकडे दवाखान्यात सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोन त्याला पुरत नाही, जेंटामायसिन तर बहुधा लागूच पडत नाही. शिवाय हा आजार क्षयासारखा दिसतो: महिनोन्‌महिने ताप, खोकला, वजन उतरणं, छातीच्या एक्सरेत डाग. मग टीबीची औषधं सुरू होतात आणि रुग्ण खचत जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १,६५,००० जणांना हा आजार होतो आणि त्यातले ८९,००० दगावतात. नोंदले जाणारे आकडे याच्या पासंगालाही पुरत नाहीत. कारण एकच, कोणी शोधत नाही.

तुम्ही लिहिलंय की खानदेशात हा आजार 'रिपोर्टेड नाही'. अहो, आपल्याकडे ताप आला की विडाल, विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉइड, सलाईन, घरी. कल्चरला (जंतू वाढवून बघायला) रक्त गेलं तरच काही कळणार ना! १९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी शवविच्छेदनात हा जंतू पहिल्यांदा ओळखला, तेव्हाही तो कोणी शोधत नव्हतं. (कृष्णस्वामींचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून का गळलं, हा मला नेहमी पडणारा प्रश्न.) जंतू राहतो ओल्या मातीत आणि पाण्यात, शिरतो पायाच्या चिरांतून, धुळीतून, पाण्यातून. आणि पकडतो कुणाला? मुख्यतः मधुमेह असलेल्याला. पावसाळ्यात अनवाणी केळीच्या बागेत उतरणारा, शुगर असलेला, पन्नाशीचा माणूस. असा माणूस खानदेशात शोधायला फार लांब जावं लागत नाही. दक्षिणेत कर्नाटक-तामिळनाडूत जिथे जिथे प्रयोगशाळांनी डोळे उघडे ठेवले, तिथे तिथे रुग्ण सापडले.

तर मेलिऑइडोसिस धरू. आता तुमच्या आराखड्यातलं पहिलं वाक्य: 'रुग्णाचं २०० मायक्रोलिटर रक्त घेऊन डीएनए एक्स्ट्रॅक्शन करणे.' इथेच थांबा आणि कागदावर हिशेब मांडा. या आजारात रक्तात जंतू फार विरळ असतात, कित्येक रुग्णांत एका मिलीत एखादा. समजा एक मिलीत एक. तुमच्या २०० मायक्रोलिटरमध्ये सरासरी ०.२ जंतू. एक्स्ट्रॅक्शननंतर डीएनए १०० मायक्रोलिटर बफरमध्ये उतरवला आणि त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरला घातले, म्हणजे विसावा हिस्सा. ट्यूबमध्ये पडले ०.०१ जंतू. शंभर रुग्णांचे शंभर रन लावले तर एका ट्यूबमध्ये जंतूचा डीएनए असणार, नव्व्याण्णवांत नसणार. तेही एक्स्ट्रॅक्शनमध्ये कणभरही वाया गेलं नाही असं धरून. एक तीळ सात जणांनी वाटून खाता येतो, जंतूच्या जनुकाची एक प्रत वाटता येत नाही. ती या ट्यूबमध्ये असते किंवा त्या.

हा हिशेब न करता कितीतरी जण प्रायमर बदलत बसतात, एन्झाइम बदलतात, सायकल ४० च्या ४५ करतात. ट्यूबमध्ये जे नाहीच ते वाढणार कसं?

याला वाटा आहेत. पहिली, जिथे जंतू भरपूर आहे तिथला नमुना घ्या. गळवाचा पू, यकृतातल्या किंवा प्लीहेतल्या गळवातून सुईने काढलेलं, थुंकी, सांध्यातलं पाणी. पुवात जंतू एवढे असतात की साधी पीसीआरही दिमाखात चालते. दुसरी वाट, जंतूला आधी वाढू द्या. रक्त सरळ ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला, प्रौढाचं आठ-दहा मिली, म्हणजे तुमच्या २०० मायक्रोलिटरच्या चाळीस-पन्नास पट. एक रात्र ३७ अंशांवर ठेवा आणि मग त्या द्रवातून पीसीआर करा. एका जंतूचे लाखो झालेले असतात. पूर्ण ओळख पटायला कल्चरला जे तीन-चार दिवस लागतात त्यातले दोन तरी वाचतात. फक्त एक खोच लक्षात ठेवा. त्या बाटल्यांत रक्त गोठू नये म्हणून एसपीएस नावाचं रसायन असतं, ते पीसीआरचा गळा धरतं आणि नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये डीएनएसोबतच खाली येतं. द्रव धुऊन घ्या, नाहीतर डीएनए दहापट पातळ करूनही एक रन लावा. पातळ केलेल्या ट्यूबमध्ये सिग्नल आधी आला तर समजा, काहीतरी अडवत होतं.

हेच रक्ताच्या ट्यूबचं. जांभळ्या टोपीची घ्या, हिरव्या टोपीची नको. हिरवीत हेपॅरिन असतं, तेही पीसीआर अडवतं. वॉर्डातून जे मिळेल ते घेऊन येऊ नका, आधी जाऊन सिस्टरला जांभळ्या ट्यूब देऊन या.

आता जनुक. १६एस नको, कारण मेलिऑइडोसिसचा जंतू बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय आणि त्याचे भाऊबंद यांचं १६एस जवळजवळ सारखं आहे. थायलँडेन्सिस नावाचा निरुपद्रवी भाऊ मातीत राहतो. मॅलाय नावाचा दुसरा भाऊ घोड्यांना ग्लँडर्स करतो. तो मुळात स्यूडोमॅलायपासूनच निघाला, घोड्याच्या अंगात राहता राहता बरीच जनुकं गमावून बसला. त्याच्या आणि स्यूडोमॅलायच्या १६एसमध्ये तर जेमतेम एका अक्षराचा फरक. तुम्ही म्हणाल, घोड्यांचं आपल्याला काय? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी देशभरातून घोडे येतात. ग्लँडर्स २००६ पासून भारतात पुन्हा डोकं वर काढून आहे आणि तो कळवणं बंधनकारक आहे. उद्या एखाद्या घोडेवाल्याच्या पुवातून तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि ती दोघांत फरक करत नसेल, तर तुम्ही पशुसंवर्धन खात्याला फोन करणार की नाही?

म्हणून जगभर जे लक्ष्य सगळ्यात जास्त वापरात आहे ते म्हणजे टाइप थ्री सिक्रिशन सिस्टिमचा (जंतू दुसऱ्याच्या पेशीत प्रथिनं टोचतो त्या यंत्रणेचा) पहिला जनुकसमूह, टीटीएस-१, त्यातला ओआरएफ-२ हा भाग. २००६ मध्ये त्यावर ११५ बेसचा तुकडा वाढवणारी रिअल-टाइम चाचणी प्रसिद्ध झाली आणि ती नंतर अनेक देशांत तावून सुलाखून निघाली. मॅलाय आणि थायलँडेन्सिसमध्ये हा समूह नाही. तुकडा आखूड आहे हेही चांगलं, तुटक्या डीएनएतूनही तो वाढतो. नवं काही शोधायच्या नादात हे सोडू नका. प्रकल्पात 'नावीन्य' हवं म्हणून नवीन जनुक घेण्याची जी आपल्याकडे पद्धत पडली आहे ती मला मुळीच पटत नाही. नावीन्य दाखवायला पुढे भरपूर जागा आहे.

ती जागा ही. टीटीएस-१ हा समूह वनस्पतींचे रोगजंतू वापरतात त्या समूहाशी मिळताजुळता आहे, विशेषतः राल्स्टोनियाच्या. राल्स्टोनिया म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरचीला जिवाणूजन्य मर आणणारा. मग भरताच्या वांग्याच्या मुलखात तुमची चाचणी मातीवर चालवायची तर तुमच्या 'नकार' यादीत राल्स्टोनिया हवाच. परदेशातल्या पेपरात तो कदाचित एखाद्या ओळीत उरकलेला असेल, तुम्ही तो वांग्याच्या मर लागलेल्या झाडाच्या खोडातून स्वतः वेगळा करून लावा. खोड आडवं कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवलं की दोन-चार मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरते, कृषी विभागाची माणसंही तीच खूण बघतात. राल्स्टोनिया, शिवाय साधा स्यूडोमोनास एरुजिनोसा, बर्कहोल्डेरिया सिपेशिया, क्लेब्सिएला, ई. कोलाय, क्षयाचा डीएनए, आणि माणसाचा डीएनए. या सगळ्यांवर तुमची चाचणी गप्प राहिली पाहिजे. संगणकावर ब्लास्ट करून (डेटाबेसशी अक्षरं जुळवून) गप्प राहणं वेगळं आणि ट्यूबमध्ये गप्प राहणं वेगळं.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची: इथल्या जंतूंवर ती बोलली पाहिजे. क्षयाचं उदाहरण घ्या. आयएस-६११० हा तुकडा क्षयाच्या जंतूत अनेकदा येतो, म्हणून चाचणीला फार सोयीचा, जगभर त्यावर किट निघाले. पण दक्षिण भारतातल्या काही जंतूंमध्ये त्याची एकच प्रत निघाली, काहींत तर एकही नाही. परदेशी स्ट्रेनवर बेतलेली चाचणी इथे आंधळी ठरते ती अशी. स्क्रब टायफसमध्ये ५६ केडीए प्रथिनाचं जनुक गावोगाव बदलतं, म्हणून बरेच जण ४७ केडीएच्या जनुकाकडे वळले. अनेक प्रती असलेलं लक्ष्य मिळालं तर चांगलंच, कुष्ठरोगाच्या जंतूत आरएलईपी हा तुकडा तीसहून जास्त वेळा येतो, म्हणून तिथे एका जंतूतून तीस संधी. मेलिऑइडोसिसमध्ये ती चैन नाही. भारतीय स्ट्रेनचे जिनोम जाहीर डेटाबेसमध्ये आहेत, ते सगळे उतरवून घ्या आणि प्रायमरच्या जागा एकेक करून जुळवा. विशेषतः तीन-प्राइम टोकाचे (जिथून डीएनए पुढे वाढतो त्या टोकाचे) शेवटचे पाच बेस.

प्रयोगात एक गोष्ट तुम्हाला छळणार आहे. स्यूडोमॅलायच्या जिनोममध्ये जीसी, म्हणजे जी आणि सी ही अक्षरं, ६८ टक्के. असा डीएनए घट्ट, सुटता सुटत नाही, वेटोळी घालतो. डिनॅच्युरेशन (डीएनएचे दोन पदर सुटण्याची पायरी) ९८ अंशांवर नेऊन बघा, मास्टर मिक्समध्ये (एन्झाइम, प्रायमर वगैरेंच्या मिश्रणात) डीएमएसओ हे द्रावक ३ ते ५ टक्के घालून बघा. ओरिएन्शियात नेमकं उलटं, जीसी जेमतेम ३० टक्के, तिथे प्रायमर लांबवावे लागतात. दोघांचं एका ट्यूबमध्ये, एका तापमानावर जमवायला निघाला होता तुम्ही!

प्रोब (नेमक्या तुकड्याला जुळला तरच चमकणारा डीएनए) घ्या, सायबर ग्रीन हा रंग नको. सायबर स्वस्त पडतं, पण ते कुठल्याही दुपदरी डीएनएला चमकतं, प्रायमर एकमेकांना चिकटले तरी. रुग्णाच्या रक्तात माणसाचा डीएनए इतका असतो की सायबरवर विश्वास ठेवणं म्हणजे आंधळ्याने वाट दाखवणं. खर्चाचं विचारलंत म्हणून सांगतो, प्रायमर हा किरकोळ खर्च, प्रोब त्याहून बराच, आणि खरा पैसा खातं ते एक्स्ट्रॅक्शन किट आणि फिल्टर लावलेल्या टिप्स. टिप्समध्ये काटकसर करू नका. यंत्राची चिंता नको, कोव्हिडात आलेली रिअल-टाइम यंत्रं बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, वेळ मागून घ्या.

पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी जिवंत जंतू मागवू नका. हा जंतू हाताळायला तुमच्या विभागातली सोय पुरणार नाही, आणि गरजही नाही. टीटीएस-१ चा तुकडा प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) किंवा कृत्रिम डीएनए म्हणून बनवून मिळतो. पण तो तुकडा जसाच्या तसा बनवू नका. मध्ये, प्रोब बसते त्याच्या बाहेर, वीस-तीस बेसचा स्वतःचा एक वेगळा तुकडा घुसवा. का? कारण प्लाझ्मिडच्या एका मायक्रोलिटरमध्ये अब्जावधी प्रती असतात. त्या ट्यूबचं झाकण एकदा टचकन उघडलं की त्या प्रती हातमोज्यावर, पिपेटवर, कूलरच्या हवेवर. मग केव्हातरी रुग्णाचा नमुना पॉझिटिव्ह येतो आणि तुम्हाला कळत नाही, हा रुग्णाचा की प्लाझ्मिडचा. खुणेचा तुकडा असला तर उत्पादनाची लांबी बघून किंवा सिक्वेन्सिंग करून पाच पैशाचा वाद न घालता कळतं.

ही वेळ येते कशी ते सांगतो. रन संपतो, पडद्यावर रेषा. पॉझिटिव्ह कंट्रोल २४ व्या सायकलला छान एसच्या आकारात वर गेलेला. रुग्णांचे नमुने सपाट. आणि ज्या ट्यूबमध्ये नुसतं पाणी घातलं तिची रेषा ३७ व्या सायकलला हळूच मान वर करते. सगळ्यांचा पहिला उद्गार एकच, 'सर, ३५ चा कट-ऑफ ठेवू या, त्यानंतरचं सगळं निगेटिव्ह.' ठेवायचा नाही. पाण्यात रेषा आली म्हणजे खोलीत डीएनए आहे. रन रद्द, जुने ॲलिकॉट (वाटून ठेवलेली रसायनं) फेकून द्यायचे, टेबल ब्लीचने पुसायचं, पिपेट उघडून साफ करायचे, आणि मास्टर मिक्स बनवायची जागा व डीएनए घालायची जागा या दोन वेगळ्या खोल्या करायच्या. एका खोलीतून दुसरीकडे गेलेला पिपेट परत आणायचा नाही. डीयूटीपी (डीएनएची खुणेची वीट) आणि ती असलेला डीएनए तोडणारं यूएनजी एन्झाइम वापरलं तर आधीच्या रनची उत्पादनं बऱ्याच अंशी नष्ट होतात, पण प्लाझ्मिडवर त्याचा उपयोग नाही.

आणि प्रत्येक रुग्णाच्या ट्यूबमध्ये आतला कंट्रोल हवा, माणसाचं आरनेज-पी जनुक सोयीचं. ते वाढलं नाही तर निकाल 'निगेटिव्ह' लिहायचा नाही, 'अवैध' लिहायचा आणि नमुना पुन्हा मागवायचा. हेमोग्लोबिन पीसीआर अडवतं, आणि सिकलसेलच्या पट्ट्यातून येणारे फुटलेल्या रक्तपेशींचे लालसर नमुने तुम्हाला हमखास मिळणार आहेत.

मातीचा विषय वेगळा काढतो, कारण मला विचाराल तर तुमच्या हातात असलेला खरा प्रकल्प तोच आहे. रुग्णांचे नमुने मिळायला नैतिक समितीची परवानगी, संमतीपत्रं, दोन पावसाळे लागतील. माती उद्या मिळते. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी: ३० सेंटिमीटर खोलवरून १० ग्रॅम माती, कोलिस्टीन हे प्रतिजैविक घातलेल्या साध्या थ्रिओनीन द्रवात ४० अंशांवर दोन दिवस. हा जंतू कोलिस्टीनला दाद देत नाही, बाकीचे बरेच मरतात. मग त्या द्रवातून पीसीआर. थेट मातीतून करायला जाल तर आपली काळी जमीन तुम्हाला नाकी नऊ आणेल. तिच्यातली माँटमोरिलोनाइट चिकणमाती डीएनए धरून ठेवते, सोडत नाही, आणि ह्युमिक आम्ल सुटलेल्या डीएनएबरोबर येऊन एन्झाइम बंद पाडतं. डीएनएचा रंग चहासारखा आला तर तो रन लावूच नका, आधी साफ करा, मास्टर मिक्समध्ये बीएसए (एन्झाइमला वाचवणारं प्रथिन) घाला. तापीकाठची गाळाची जमीन, रावेरकडची ठिबकवरची केळीची बाग, आणि सातपुड्याच्या उतारावरची मुरमाड जमीन, या तिन्हींत जनुकाच्या ठरावीक प्रती मिसळून किती परत मिळतात हे नुसतं मोजलंत तरी त्यातून एक चांगला प्रबंध उभा राहतो. थाई भातखाचरांच्या मातीवर हे काम झालंय, ते आपल्या काळ्या मातीला जसंच्या तसं लागू पडेल असं धरू नका. एक मात्र पाळा. ज्या द्रवात जंतू वाढला असण्याची शक्यता आहे तो उघड्या टेबलावर उघडायचा नाही. ती बाटली बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (जंतू हवेत पसरू न देणाऱ्या पेटीत), सोय असलेल्या प्रयोगशाळेतच.

चाचणी किती बारीक पकडते हे ठरवायला दहापट-दहापट पातळ करत एकेक ट्यूब लावून 'एक प्रतही सापडली' असं लिहू नका. सरासरी तीन प्रती पडत असतील तरी शंभरातल्या पाच ट्यूबमध्ये निव्वळ योगायोगाने एकही पडत नाही. म्हणजे तीन प्रतींच्या खालचा दावा गणितालाच मान्य नाही. एकेका पातळीवर वीस-वीस ट्यूब लावा, ज्या पातळीला वीसपैकी एकोणीस पॉझिटिव्ह येतात ती तुमची मर्यादा. आणि हे प्लाझ्मिडच्या पाण्यात नाही, निरोगी माणसाकडून घेतलेल्या, पण पुवासारख्या घट्ट, चिकट नमुन्यात मिसळून करा. थुंकी चालेल.

निकालाच्या विश्वासाचा हिशेब तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे, पण करून बघत कोणी नाही. समजा हजार तापाच्या रुग्णांत दहा जणांना खरोखर मेलिऑइडोसिस आहे, आणि तुमची चाचणी निरोगीला ९८ टक्के वेळा निरोगी म्हणते. ऐकायला उत्तम. पण उरलेल्या ९९० चे दोन टक्के म्हणजे वीस खोटे पॉझिटिव्ह. खरे नऊ-दहा, खोटे वीस. त्या वीस जणांना तीन महिने औषध? म्हणून दोन वेगळी लक्ष्यं ठेवा. या जंतूला दोन गुणसूत्रं आहेत, टीटीएस-१ दुसऱ्यावर आहे, दुसरं लक्ष्य पहिल्यावरचं घ्या, दोन्ही आले तरच पॉझिटिव्ह. आणि सरसकट तापावर चाचणी लावू नका. शुगर आहे, गळू आहे, टीबीच्या औषधाने फरक नाही, अशांवर लावा, म्हणजे हजारातले दहा हे शंभरातले दहा होतात.

इथे एक पेचही आहे. तुलना करणार कशाशी? कल्चरशी. पण कल्चर स्वतःच शंभरातले साठेक रुग्ण पकडतं. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक जण 'खोटा' नव्हे. त्याची केस काढून बघा, सेफ्टाझिडीमने ताप उतरला का, नंतरच्या नमुन्यात कल्चर आलं का. एकदाच घेतलेल्या रक्तावर निकाल बंद करू नका.

लॅम्प. दिसायला फार गोंडस पद्धत आहे, ६५ अंशांच्या आसपास एकाच तापमानावर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, गरम पाण्याचं भांडंही पुरतं. पण ती इतका डीएनए बनवते की निकाल बघायला ट्यूब उघडली की ती खोली कायमची दूषित झाली. बंद ट्यूबमध्ये रंग बदलणारी असेल तरच घ्या. शिवाय चार ते सहा प्रायमर एवढ्या आखूड, ६८ टक्के जीसीच्या पट्ट्यात बसवणं जिकिरीचं. धडगावच्या आरोग्य केंद्रात आज अडचण चाचणीची नाही, एक्स्ट्रॅक्शनची आहे. तिथे पू उकळून, पातळ करून थेट घालता येतो का, यावर काम करा. टीबीसाठी आलेली ट्रूनॅट यंत्रं बॅटरीवर चालतात, पण त्यांची चिप कंपनीचीच लागते, तुमचे प्रायमर त्यावर चढत नाहीत. एन्झाइम ठेवायचा फ्रीजर मात्र फ्रॉस्ट-फ्री नको. तो बर्फ वितळवायला मधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर आणि लाइट गेलेली, म्हणजे बघायलाच नको. लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं) मिक्स महाग पडतं, पण खेड्यात न्यायचं असेल तर तेच.

आणि किट हा शब्द सध्या वापरू नका. रुग्णाला निकाल देऊन विकायचं किट म्हटलं की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात, सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा) परवाना लागतो. तुमची आहे ती संशोधनापुरती चाचणी, तसंच लिहा.

सुरुवात कुठून करायची तर पीसीआरपासून नाहीच. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात जा, तुमच्या मार्गदर्शकांचं पत्र घेऊन. गेल्या काही वर्षांच्या रजिस्टरमध्ये पू आणि रक्ताच्या कल्चरमधून 'स्यूडोमोनास स्पीसीज' किंवा 'बर्कहोल्डेरिया सिपेशिया' असं लिहून सोडून दिलेले जंतू शोधा, यंत्रंही कधीकधी स्यूडोमॅलायला सिपेशियाच म्हणतात. त्यातले ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टीन दोन्हींना न जुमानणारे, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला मरणारे असे कोणते, त्यावर पेन्सिलने खूण करा. हे तिन्ही एकत्र असणं ही स्यूडोमॅलायची जवळजवळ सहीच. अशा एखाद्या जंतूची प्लेट त्यांनी जपून ठेवली असेल तर ती हुंगून बघू नका, हा जंतू श्वासातूनही शिरतो, आणि जुने तंत्रज्ञ अजूनही वासावरून ओळखायला जातात. ती कॅबिनेटमध्येच उघडून, उष्णतेने मारून, त्यांच्याकडूनच डीएनए काढून मागा. तुमचे टीटीएस-१ चे प्रायमर आधी त्या डीएनएवर लावा आणि पहिल्या रनचा आलेख, पाण्याच्या ट्यूबसकट, मला पाठवा.